कमरेच्या सुया आणि ७१,७८० रुपये: नाशिककरांनो, ‘ट्रायल सिटिंग’ला जाण्याआधी वाचा

आधी हिशेब, कारण लोक पहिल्यांदा तोच विचारतात. ॲक्युपंक्चरच्या, म्हणजे सुया टोचण्याच्या, ‘ट्रायल सिटिंग’चे ५०० रुपये. हातात धातूची दांडी धरायला लावून कागद छापणाऱ्या ‘बॉडी ॲनालायझर’चे १,८००. तीस सिटिंगचे पॅकेज, मूळ किंमत म्हणे ६७,५००, आजच्या आज घेतले तर वीस टक्के सूट, म्हणजे ५४,०००. तीन महिन्यांच्या पुड्या ९,९००. चुंबकाचा कंबरपट्टा ४,४००. कर्जाची प्रोसेसिंग फी जीएसटी धरून १,१८०. एकूण ७१,७८०. पावती मिळाली ती फक्त पहिल्या पाचशेची.

सेंटर गंगापूर रोडच्या आतल्या गल्लीत, दोन गाळ्यांचे. नाव लिहीत नाही; पाटी केव्हाच उतरली आहे आणि ओळखीच्या वकिलाने नाव छापू नका म्हणून बजावले आहे. कंबर आमच्या वडिलांची. एल-४ एल-५ ची, म्हणजे कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांमधली, गादी डावीकडे सरकलेली, नस दबलेली, कळ कुल्ल्यातून पोटरीपर्यंत.

‘शिकलेली माणसं, घरात वहिनी फिजिओथेरपिस्ट, तरी फसलात?’ असे ज्यांना विचारायचे आहे त्यांनी आधी एक रात्र सायटिका, म्हणजे ही नसेची कळ, सोसून दाखवावी. कूस वळत नाही, शिंक आली तरी जीव जातो. सर्जन म्हणतात सहा आठवडे थांबा, बहुतेकांचे आपोआप कमी होते, पायाची ताकद गेली तर मात्र ऑपरेशन. सल्ला अगदी बरोबर होता. पण तो ऐकून घरी आलेल्या माणसाच्या मोबाइलवर ‘ऑपरेशनविना गादी जागेवर’ अशी जाहिरात दर तासाला येत असते, आणि खाली निफाड, दिंडोरी, पिंपळगावच्या बागायतदारांचे व्हिडिओ: छाटणीला वाकता येत नव्हते, आता मंडपाखाली दिवसभर उभा असतो वगैरे.

शिवाय आम्ही कुणा भोंदूकडे अंगारा घ्यायला गेलो नव्हतो. ॲक्युपंक्चरची चाचणी झालेली आहे, आणि ती वाचूनच गेलो होतो. २००७ साली प्रसिद्ध झालेली जर्मनीतली चाचणी घ्या: जुनाट कंबरदुखीचे १,१६२ रुग्ण, आठवड्याला दोन अशा दहा सिटिंग, प्रत्येक अर्ध्या तासाची. सहा महिन्यांनी खऱ्या ॲक्युपंक्चरने ४७.६ टक्क्यांना गुण, ॲक्युपंक्चरचे ठरलेले बिंदू सोडून भलतीकडे वरवर टोचलेल्या सुयांनी ४४.२ टक्क्यांना, नेहमीच्या औषध-व्यायामाने २७.४ टक्क्यांना. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या चाचणीत ६३८ जणांवर हाच खेळ टूथपिकने केला, सुईच्या नळीतून नुसते टोचल्यासारखे करायचे. खरी सुई आणि टूथपिक यांत फरक पडला नाही, दोन्ही नेहमीच्या उपचारांपेक्षा सरस. कुठले उपचार द्यावेत हे सुचवणाऱ्या ब्रिटनच्या नाइस संस्थेने २००९ मध्ये दहा सिटिंगपर्यंत मान्यता दिली होती, २०१६ मध्ये काढून घेतली. उलट २०२४ मध्ये चीनमधून आलेली चाचणी नेमकी गादी सरकून पाय दुखणाऱ्यांवर होती: २२० रुग्ण, चार आठवड्यांत दहा सिटिंग. शंभराच्या पट्टीवर पायाची कळ खऱ्या सुयांनी सरासरी ३०.८ ने उतरली, खोट्यांनी १४.९ ने. म्हणजे कळ उतरू शकते. जाऊन पाहण्यात मूर्खपणा काहीच नव्हता.

पण आकडे नीट बघा: दहा, दहा, दहा. तीस सिटिंगचे पॅकेज यातल्या कुठल्याच चाचणीत नाही. अमेरिकेची सरकारी मेडिकेअर योजना जुनाट कंबरदुखीला ९० दिवसांत १२ सिटिंगचे पैसे देते, फरक दिसला तर आणखी ८, नाही दिसला तर बंद. एका सिटिंगचे पैसे एका सिटिंगनंतर द्या. जो आगाऊ मागतो त्याला आपल्या सुयांचा भरवसा नाही, तुमच्या पाकिटाचा आहे.

आता तो क्षण, जो आठवला की अजून डोके फिरते. ‘ट्रायल’मध्ये वडिलांना उताणे झोपवले आणि पाय सरळ ठेवून वर उचलला. कुठलाही डॉक्टर ही तपासणी करतो. पाय साधारण ३५ अंशांवर गेला आणि वडील ओरडले. मग कंबर, कुल्ला, गुडघ्यामागे सुया, दहा मिनिटे, पुन्हा तोच पाय, आणि ६५ अंश! घरचे सगळे थक्क. सेंटरच्या पोराने व्हिडिओ काढला, जाहिरातीसाठी परवानगी घेतली आणि आम्हालाच पाठवला. वहिनी त्या दिवशी ड्युटीवर होत्या. नंतर त्यांनी तो व्हिडिओ पाहिला तेव्हा दोन मिनिटांत सगळे उलगडून ठेवले, पण तोवर पैसे गेलेले.

पहिल्या वेळी गुडघा हाताने दाबून सरळ ठेवलेला, पाऊल बोटांकडून नडगीच्या दिशेने ओढलेले, दुसरा पाय सपाट. अशाने नसेवर जास्तीत जास्त ताण येतो. दुसऱ्या वेळी हात टाचेखाली, पाऊल सैल सोडलेले, गुडघा चार बोटे वाकलेला, आणि ‘काका, तो पाय आरामात मोडून ठेवा’ म्हणत दुसरा गुडघा उभा. दुसरा गुडघा उभा केला की ओटीपोटाचे हाड मागे कलते आणि पाय आपसूक जास्त वर गेलेला दिसतो. पाऊल सैल म्हणजे नसेचा ताण कमी. यात सुईचा काडीचाही संबंध नाही. सुई न टोचता कुणाचाही पाय असा वीस-तीस अंश ‘सुधारून’ दाखवता येतो. झोपलेल्या माणसाला स्वतःचा गुडघा दिसत नाही आणि उभे असलेले नातेवाईक चेहऱ्याकडे बघत असतात. तरीही ते ‘आरामात मोडून ठेवा’ कानावर पडले होते. पहिल्यांदा का नाही म्हणाला, एवढे जरी कुणी विचारले असते तरी ५४,००० वाचले असते. कुणीही विचारत नाही, आणि हे त्यांना पक्के ठाऊक असते.

तुम्ही जाणार असाल तर मोजमाप स्वतःचे ठेवा. सुरू करण्याआधी आठवडाभर रोज ठरलेल्या वेळी कमरेचे आणि पायाचे दुखणे वेगवेगळे, शून्य ते दहा, लिहा. किती मिनिटे चालता येते, किती मिनिटे बसता येते. पाय उचलायची तपासणी घरच्याच माणसाने करायची, पाऊल आणि दोन्ही गुडघे दर वेळी त्याच स्थितीत, नडगीवर मोबाइल ठेवून त्यातल्या लेव्हलच्या ॲपवर अंश वाचायचे. पेनकिलर मध्येच वाढवली तर तीही लिहा, नाहीतर गोळीचे श्रेय सुईला जाते. आणि आधीच ठरवा: सहा सिटिंगमध्ये आकडा निदान ३० टक्के उतरला नाही तर बंद. एक फसवा भाग तरीही राहतो. माणूस जातो तेच दुखणे शिगेला पोचल्यावर. तिथून ते बऱ्याचदा आपोआप खाली येते.

‘गादी आत ढकलतो’ म्हणणारा खोटारडा आहे, यावर चर्चा नको. कमरेला वापरायची सुई साधारण ४० मिलिमीटरची. गादी पाठीच्या कातडीपासून सात-आठ सेंटिमीटर आत, मध्ये स्नायू, मणक्याची कमान आणि नसांची पिशवी. तिथवर सुई गेलीच तर त्याला उपचार नाही, अपघात म्हणतात. या सेंटरच्या सुया तर सगळीकडे २५ मिलिमीटरच्या. कुल्ल्यावरच्या जीबी-३० बिंदूला साठ-पंचाहत्तरची लागते. २५ ची सुई तिथे चरबीतच अडकते. सुया ठेवायच्या वीस ते तीस मिनिटे; पैसे भरल्यावर इथे सात-आठ मिनिटांत काढायला सुरुवात, कारण बाहेर पुढचा पेशंट. सुईचे सीलबंद पाकीट तुमच्यासमोर फुटले पाहिजे, त्यावर लॉट नंबर आणि एक्स्पायरी हवी. ट्रेमध्ये आधीच मांडलेल्या सुया दिसल्या तर उठून या.

भिंतीवरचे ‘आधी-नंतर’ एमआरआय हा दुसरा सापळा. बाहेर पडलेला गादीचा तुकडा शरीर स्वतःच हळूहळू विरघळवते, आणि मोठा, तुटलेला तुकडा छोट्या फुगवट्यापेक्षा जास्त वेळा विरतो. कुणीही काहीही केले नसते तरी तो ‘नंतर’चा फोटो बऱ्याच जणांचा तसाच आला असता. आणि रिपोर्टमधल्या ‘बल्ज’, म्हणजे गादीचा फुगवटा, या शब्दाने घाबरू नका: काहीही दुखत नसलेल्या विशीतल्या लोकांत ३० टक्क्यांच्या, ऐंशीतल्या ८४ टक्क्यांच्या एमआरआयवर तो दिसतो. ‘डब्ल्यूएचओची मान्यता’ ही पाटीही होती. डब्ल्यूएचओने डिसेंबर २०२३ मध्ये सुयांना सशर्त होकार दिला तो ठरावीक कारण न सापडणाऱ्या जुनाट कंबरदुखीसाठी. दबलेल्या नसेचा पेशंट त्यात बसत नाही.

खरा गुण कशाने आला ते साखरेने सांगितले. पुडी पांढरी, नाव नाही, बॅच नाही, ‘आमचे स्वतःचे मिश्रण’. दोन दिवसांत कंबर हलकी, भूक वाढली, आणि जेवणानंतरची साखर १५५ वरून २७०. बिननावाच्या पुडीने दुखणे झटक्यात पळते आणि साखर उसळते तेव्हा फिजिशियनच्या मनात पहिला संशय स्टेरॉइडचा येतो. अशी पुडी घरात असेल तर फेकू नका आणि एकदम बंदही करू नका. बरेच दिवस घेतलेले स्टेरॉइड एकदम तोडले तर माणूस कोसळू शकतो. पुडी घेऊन फिजिशियनकडे जा.

याहून वाईट पुढे. डाव्या पायाचा अंगठा वर उचलेना. एल-४ एल-५ ची गादी ज्या नसेवर बसते तिचेच हे काम, आणि हीच ती खूण जिच्यासाठी सर्जननी बजावले होते. सेंटरचे उत्तर: ‘नस मोकळी होतेय काका, चांगले लक्षण आहे, सिटिंग चुकवू नका.’ ऑपरेशन झाले, कळ गेली, अंगठा अजून पुरता उचलत नाही. पाऊल किंवा अंगठा पडला, दोन मांड्यांमधला भाग बधिर झाला, लघवी अडली, तर कुठल्याही सुईवाल्याला फोन करू नका. थेट हॉस्पिटल, त्याच दिवशी.

पैसे परत मागितले तेव्हा ‘नॉन-रिफंडेबल’. तीसपैकी निम्म्या सिटिंगही झाल्या नव्हत्या. आणि ५४,००० आम्ही भरलेच नव्हते असे नंतर कळले! रिसेप्शनच्या टॅबलेटवर ‘नो कॉस्ट ईएमआय’ म्हणून ओटीपी घेतला, तो वडिलांच्या नावाच्या कर्जाचा, दरमहा ४,५०० प्रमाणे १२ हप्ते. सेंटरला सगळी रक्कम आधीच पोचलेली. शटर पडले, हप्ते चालूच. कर्जवाल्या कंपनीचे म्हणणे, ओटीपी तुम्हीच दिलात, उपचाराशी आमचा संबंध नाही, हप्ता चुकला तर सिबिल बिघडेल.

मग सरकारी दारे. पोलिस ठाण्यात: ‘गुण आला नाही म्हणून गुन्हा होत नसतो, ग्राहक कोर्टात जा.’ अहो, गुण आला नाही ही तक्रारच नाही! खोटी तपासणी दाखवून पैसे उकळले, ही भारतीय न्याय संहितेच्या ३१८ कलमातली फसवणूक आहे, पुरावा त्यांच्याच व्हिडिओत आहे. ‘अर्ज ठेवून जा, सध्या सिंहस्थाचं चाललंय सगळं.’ व्हिडिओ पेन ड्राइव्हमध्ये नेला होता. लावून बघायला कुणी तयार नाही. दुसऱ्या एका खात्यात पुडी नेली, तर लेबलच नाही, मग हे औषध आहे असे आम्ही कशावरून धरायचे? लेबल नाही हीच तर तक्रार! तिसऱ्या ठिकाणी पहिलाच प्रश्न, खाटा होत्या का? नव्हत्या. मग नोंद आमच्याकडे नसते. आणि ते खरे आहे: १९४९ चा नर्सिंग होम नोंदणी कायदा खाटांपुरता, आणि केंद्राचा २०१० चा क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट कायदा महाराष्ट्राने घेतलेलाच नाही. वडापावच्या गाडीला परवाना लागतो. आरोग्य विज्ञान विद्यापीठ ज्या शहरात आहे तिथे दोन गाळे घेऊन कुणीही माणसाच्या पाठीत सुया खुपसतो आणि या तिन्ही दारांत ते कुणाच्याच टेबलावर येत नाही. एक साहेब तर म्हणाले, ‘शिकलेले आहात, आधी चौकशी करायची ना.’ चौकशी आमची, तपास आमचा, झेरॉक्सही आमच्याच. मग ही खाती कशाला?

चौकशी करायचीच तर हे तपासा: महाराष्ट्रात ॲक्युपंक्चरसाठी २०१५ चा स्वतंत्र कायदा आणि परिषद आहे. तिच्याकडचा नोंदणी क्रमांक मागा, आणि तो खरा आहे का ते परिषदेलाच विचारा. फ्रेममधले रंगीत सर्टिफिकेट वाचा. इथले तीन दिवसांच्या सेमिनारचे निघाले.

१९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर नोंद केली की क्रमांक मिळतो, तो पुढे कागद म्हणून चालतो. जिल्हा ग्राहक आयोगात दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही, वकील सक्तीचा नाही, मुदत दोन वर्षे. बिल न देणे ही २०१९ च्या कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा आहे, तेवढा मुद्दा तक्रारीत स्वतंत्र लिहा. पावत्या नाहीत म्हणून गप्प बसू नका, यूपीआयचे स्क्रीनशॉट आणि कर्जाचे स्टेटमेंट जोडा. कर्ज कंपनीला आणि सेंटरला दोघांनाही प्रतिवादी करा. आमची तक्रार दाखल आहे.

त्याच टॅबलेटचा, त्याच ॲनालायझरचा फोटो आता सिन्नरच्या एका जाहिरातीत दिसतो आहे. नाव नवे, ‘ट्रायल सिटिंग’ आता ३०० रुपये.