झिदान की पिर्लो? मॅनेजर व्हायचे दोन रस्ते

आमच्या बेळगावात टिळकवाडीच्या लेले ग्राउंडवर कट्ट्यावर बसलं की वाद ठरलेला, मोठा फुटबॉल प्लेयर रिटायर झाला की डायरेक्ट मोठ्या टीमचा कोच व्हावा की आधी पोरांची टीम सांभाळावी?

इटलीच्या पिर्लोचंच बघा की. 2020 मध्ये युव्हेंटस या इटलीच्या मोठ्या क्लबनं त्याला अंडर-23 च्या पोरांचा कोच केला आणि त्या टीमची एक मॅच पण झाली नाही तोवर, दहा दिवस पण झाले नसतील, उचलून मेन टीमवर बसवला. कोपा इटालिया, म्हणजे इटलीचा कप, जिंकला खरं, पण लीगमध्ये चौथा नंबर, आणि सीझन संपल्यावर घरी. फ्रान्सचा झिदान मात्र आधी रियल माद्रिदात तेव्हाचा कोच अ‍ॅन्चेलोत्तीचा असिस्टंट, मग कॅस्टिलाची, म्हणजे रियलच्याच ज्युनियर टीमची, पोरं घेऊन खालच्या डिव्हिजनच्या ग्राउंडवर, आणि जानेवारी 2016 मध्ये रियलचा कोच झाल्यावर सलग तीन चॅम्पियन्स लीग, म्हणजे युरोपातल्या क्लबांचा सगळ्यात मोठा कप. आता त्याच्याकडं रोनाल्डो होता हे पण खरंच, उगीच देव करू नका.

मला विचाराल तर झिदानचाच रस्ता. पास द्यायला येणं वेगळं आणि बेंचवर बसवलेल्या, तोंड पाडून बुटाची लेस सोडालेल्या पोराला पुढच्या मॅचला तयार करणं वेगळं, ते लहान टीममध्येच शिकायला मिळतंय, तिथं चुकलं तर पेपरात येत नाही.

आपल्यात खालिद जमील बघा, मुंबई एफसीसारख्या कमी बजेटच्या क्लबात वर्षानुवर्षं घासली, मग 2017 ला मिझोरामच्या आयझॉल क्लबला आय-लीग ही देशातली लीग जिंकून दिली, आणि इंडियाचा कोच व्हायला 2025 उजाडलं.