पांढऱ्या पेशी चढवायच्या की जी-सीएसएफचं इंजेक्शन?

केमोनंतर मुलाचे न्यूट्रोफिल (संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) ५०० च्या खाली, ताप हटत नाही, आणि समोर हे दोन पर्याय: दात्याच्या पांढऱ्या पेशी, किंवा जी-सीएसएफ, म्हणजे हाडांतल्या मज्जेला (बोनमॅरो) या पेशी बनवायला लावणारं औषध. अँटिबायोटिक आणि अँटिफंगल कुठलाही निवडला तरी चालूच राहतात.

वेग: चढवलेल्या पेशी लगेच कामाला लागतात, पण जेमतेम दिवसभर टिकतात, म्हणून रोज किंवा दिवसाआड चढवाव्या लागतात. इंजेक्शनाचा परिणाम दिसायला काही दिवस जातात, आणि मज्जाच रिकामी असेल तर ते काय करणार?

खटाटोप: इंजेक्शन सोपं. किलोमागे ५ मायक्रोग्रॅम, रोज एकदा, त्वचेखाली. पेशींसाठी जुळत्या रक्तगटाचा दाता लागतो. त्याला आदल्या रात्री जी-सीएसएफ आणि डेक्सामेथासोन (एक स्टेरॉइड) देऊन सकाळी यंत्रावर दोन-तीन तास पेशी काढतात. पिशवी फ्रिजमध्ये ठेवायची नाही. २० ते २४ अंशांवर, न हलवता, २४ तासांच्या आत संपवायची. चढवण्याआधी पिशवीला रेडिएशन द्यायचं. पांढऱ्या पेशी गाळणारा फिल्टर मात्र चुकूनही लावू नका, सगळ्या पेशी तिथंच अडकतील.

त्रास: इंजेक्शनाने हाडं दुखतात. पेशींनी थंडी-ताप, कधी धाप. अँफोटेरिसिन हे अँटिफंगल चालू असेल तर ते आणि पेशी यांत काही तासांचं अंतर हवं. बोनमॅरो ट्रान्सप्लांट ठरलं असेल तर एचएलए अँटिबॉडींबद्दल (चढवलेल्या परक्या पेशींविरुद्ध शरीरात तयार होऊ शकणाऱ्या) डॉक्टरांशी आधीच बोला.

पुरावा: २०१५ च्या रिंग (RING) या रुग्णांवरच्या चाचणीत चढवलेल्या पेशींचा एकूण फायदा सिद्ध झाला नाही, पुरेसे रुग्णही मिळाले नव्हते.

मज्जा सावरू लागली असेल तर इंजेक्शन पुरे. संसर्ग पक्का, योग्य औषधांनाही दाद देत नाही, आणि मज्जा परतेल पण अजून काही दिवस लागतील, अशा मुलासाठी पेशी मागाव्यात.