पाव, पोई आणि चकली: कोथरूडच्या काकूंच्या क्लासचा अनुभव

दिवाळीच्या आधीचे दोन रविवार आम्ही नवरा-बायको कोथरूडमधल्या एका काकूंच्या घरगुती क्लासला जाऊन आलो. पहिल्या रविवारी लादी पाव आणि गोव्याची पोई (तिकडचा कोंडा लावलेला पाव), दुसऱ्या रविवारी चकली आणि कडबोळी. माणशी २२०० रुपये, सामान सगळं त्यांचंच, सकाळी १० ला सुरू आणि संपायला ३ वाजतात. ग्रुपवर बऱ्याच जणांनी विचारलं म्हणून सविस्तरच लिहितोय.

आधी आम्ही का गेलो ते. बायकोचं माहेर गोव्यातल्या फोंड्याचं, तिकडे सकाळी पोदेर म्हणजे पाववाला सायकलवरून पोंगा वाजवत येतो आणि टोपलीतली पोई हातात घेतली की अजून कोमट असते, वर गव्हाचा कोंडा, आत पोकळ. पुण्यात आल्यापासून ती हेच शोधतेय. आणि माझं दुखणं चकलीचं. आईची भाजणी दरवर्षी साताऱ्याहून यायची, आता तिच्याच्याने होत नाही, फोनवर विचारलं की म्हणते अरे पाणी अंदाजाने घाल. तिचा अंदाज पन्नास वर्षांचा आहे, तो फोनवरून कसा येणार! तीन दिवाळ्या झाल्या, आमची चकली पहिल्या दिवशी कुरकुरीत आणि दुसऱ्या दिवशी मऊ.

मला ह्या क्लासचे पैसे वसूल वाटले ते ह्याच कारणासाठी, काकू अंदाज शिकवतात. कसं ते सांगतो. पहिल्या दिवशी आम्ही पोचलो तेव्हा ओट्यावर तीन पातेली झाकून ठेवलेली होती. तिन्हीत ५०० ग्रॅम मैदा, तेवढंच यीस्ट, तेवढंच मीठ, फक्त पाणी वेगळं, एकात २५० मिली, एकात ३१०, एकात ३६०. कोणालाही काही मळू न देता त्यांनी आधी प्रत्येकाला तिन्ही गोळ्यांना हात लावायला सांगितला. पहिला पोळीच्या कणकेपेक्षाही घट्ट, तिसरा हाताला चिकटून लोंबणारा, आणि मधला असा की बोट लावलं की चिकटतो पण उचललं की सुटतो. "हा मधला हात लक्षात ठेवा, आकडा विसरलात तरी चालेल," असं म्हणाल्या. मी यूट्यूबवर पावाचे कमीत कमी वीस व्हिडिओ पाहिले असतील पण ही गोष्ट स्क्रीनवरून कळत नाही, हातालाच कळते.

मग मळणं. आपण पोळीची कणीक मळतो तशी दाबून नाही, ओट्यावर पुढे ताणायचं, दुमडायचं, फिरवायचं, परत ताणायचं, चांगली १२ ते १५ मिनिटं. सुरुवातीला गोळा फाटतो, खडबडीत दिसतो, आठव्या-नवव्या मिनिटाला अचानक गुळगुळीत होतो. छोटा तुकडा घेऊन बोटांनी हळूहळू ताणला की न फाटता पातळ पडदा झाला पाहिजे, त्यातून खिडकीचा उजेड दिसला पाहिजे. तो पडदा म्हणजे ग्लूटेन, यीस्टने सोडलेला वायू तोच धरून ठेवतो, म्हणून पाव फुगतो. माझा पडदा पहिल्यांदा फाटला, अजून चार मिनिटं मळलं आणि जमला, तेव्हा इतका आनंद झाला की बायकोला हाक मारून दाखवला.

बारीकसारीक गोष्टी पण भरपूर मिळाल्या. पाणी कोमट म्हणजे मनगटावर टाकलं तर ना गरम ना गार असं, चहासारखं कढत पाणी टाकलं तर यीस्ट मरतं. यीस्टचं पाकीट उघडलं की हवाबंद डब्यात फ्रीजमध्ये, आणि जुनं असेल तर आधी कोमट पाणी आणि चिमूटभर साखरेत १० मिनिटं ठेवून फेस येतो का बघायचं. मैद्याच्या पाकिटावर १०० ग्रॅमला प्रोटीन किती लिहिलंय ते वाचायचं, १० च्या खाली असेल तर तो पावाला नको. आणि घड्याळाकडे नाही, गोळ्याकडे बघायचं, मे महिन्यात पाऊण तासात दुप्पट होईल, जानेवारीत दोन तासही लागतील.

पोईसाठी काकूंनी गिरणीतली कणीक आणि मैदा निम्मा निम्मा घेतला. पूर्वी गोव्यात पोदेर ताडी घालून पीठ आंबवायचे, ताडीला तिकडे सूर म्हणतात, पुण्यात ती आणायची कुठून म्हणून यीस्टच, पण रात्रभर फ्रीजमध्ये ठेवलेलं पीठ वापरल्यामुळे थोडी आंबूस चव येते. गोल लाटून दोन्ही बाजूंना कोंडा, आणि ओटीजी (छोटा विजेचा ओव्हन) २३० वर तापवून आतला ट्रे उलटा घालून तोही तापवलेला, त्यावर पोई टाकायची. तिसऱ्या-चौथ्या मिनिटाला ती टम्म फुगली तेव्हा बायको काचेसमोर खाली बसून बघत होती. चव फोंड्यासारखी आहे का विचारलं तर म्हणाली भट्टीचा वास नाही, बाकी तीच. लाकडाच्या भट्टीचा वास ओटीजीला येणार नाही हे काकूंनी पण आधीच सांगितलं होतं.

आता तक्रार. दहा जणांना एकच ओटीजी, हे बरोबर नाही. पहिल्या लादीचे पाव १८ मिनिटांत मस्त तांबूस झाले, पण दुसऱ्या लादीला थांबावं लागलं, तोपर्यंत तिचे गोळे जास्त फुगले आणि ओव्हनमध्ये गेल्यावर मधेच बसले. ती लादी आमचीच होती. काकूंनी लपवलं नाही, उलट ती सगळ्यांना कापून दाखवली, वर मोठी भोकं आणि खाली दाट थर, वेळ टळली की असं होतं म्हणून. शिकायला मिळालं हे खरं पण २२०० भरून घरी न्यायला बसलेले पाव मिळाले ह्याचं वाईट वाटलंच. बॅच सहाची करा किंवा दुसरा ओव्हन घ्या असं मी त्यांना तोंडावर सांगितलंय.

दुसरा रविवार चकलीचा, आणि इथे मी वही घेऊनच बसलो. भाजणी ४ वाट्या तांदूळ, २ हरभरा डाळ, १ मूग डाळ, अर्धी वाटी उडीद डाळ, धणे, जिरं. धुऊन सावलीत वाळवायचं, मग प्रत्येक धान्य वेगळं भाजायचं, मंद आचेवर, रंग फार न बदलता खमंग वास येईपर्यंत. गिरणीत द्यायला जाल तेव्हा गव्हावर दळू नका असं बजावून सांगायचं. थालीपिठाची भाजणी वेगळी, तिच्यात ज्वारी बाजरी गहू असतात, ती ह्याला चालत नाही, आमच्या बॅचमधल्या एका ताईंचा तिथेच घोळ होत होता.

पुन्हा तीन पातेली! तिन्हीत भाजणीची उकड. एकीत पाणी कमी, एकीत वाटीला वाटी पाणी आणि वाटीला एक टेबलस्पून कडकडीत मोहन, तिसरीत मोहन दुप्पट. काकूंनी पितळी सोऱ्यातून तिन्हीच्या चकल्या पाडल्या. कमी पाण्याची वेटोळं घेतानाच तुटली. दुप्पट मोहनाची दिसायला सुरेख, पण तेलात गेली आणि अनारसा हसतो तशी पसरून विरघळली, सगळी कढई बारीक चुऱ्याने भरली, तेल गाळून घ्यावं लागलं. आणि मधली, तिला काटा आला, मोडून बघितली तर आत नळी.

ह्याचं कारणही त्यांनी फार छान सांगितलं. पावात गव्हाचं ग्लूटेन सगळं धरून ठेवतं, चकलीत गहूच नाही, तिथे धरून ठेवायचं काम उकळत्या पाण्याने फुललेला तांदूळ आणि उडदाचा चिकटपणा करतो, म्हणून पाणी खरंच उकळतं पाहिजे आणि उकड झाकून २० मिनिटं ठेवली पाहिजे, मग मळायची. आम्ही घरी पाच मिनिटांत मळायला घ्यायचो आणि तळताना आच मोठी ठेवायचो, तिथेच सगळं चुकत होतं. वरून रंग येतो, आत ओल राहते, दुसऱ्या दिवशी मऊ. चकली टाकताना तेल तापलेलं, मग आच मध्यम, आणि बुडबुडे जवळजवळ थांबेपर्यंत काढायची नाही. बुडबुडे म्हणजे आतलं पाणीच बाहेर पडत असतं. काकू तर कढईकडे पाठ करून नुसत्या आवाजावरून सांगत होत्या, आता काढा.

कडबोळी उरलेल्या उकडीत लोणी घालून केली, ती घाईत उरकली, अजून अर्धा तास द्यायला हवा होता. छापील कागद देतात त्यावर चकलीची मापं नुसती वाटीत आहेत, ती वाटी केवढी हे लिहिलेलं नाही. मी तिथल्या काट्यावर करून घेतलं, त्यांची एक वाटी भाजणी १२० ग्रॅम भरली, जाणार असाल तर टिपून ठेवा.

दिवाळीला आम्ही घरी दीड किलो भाजणीच्या चकल्या केल्या. पहिल्या चार-पाच तुटल्या, उकडीला पाण्याचा हात लावून परत मळली आणि पुढच्या सगळ्या नीट झाल्या. नवव्या दिवशी डब्यातली शेवटची चकली आईला व्हिडिओ कॉलवर कानाजवळ मोडून ऐकवली. ती म्हणाली, "आता पाणी किती घातलंस ते मला सांग."

पुढची बॅच जानेवारीत आहे. जागा लवकर भरतात, फोनवरच नाव द्यावं लागतं. जाताना झाकणाचा मोठा डबा आणि जुना सुती पंचा न्या, गरम पाव गुंडाळायला लागतो आणि त्यांच्याकडचे पुरत नाहीत. आणि पावाच्या दिवशी पहिल्या लादीत नंबर लावा.