वाचनालयाचं सभासदत्व की वर्गातली पुस्तकपेटी?

पहिली ते चौथीच्या मुलांना वाचनाची गोडी लावायची, तर नाशिककरांपुढे दोन चांगल्या वाटा आहेत.

पहिली वाचनालयाची. सार्वजनिक वाचनालय इथं 1840 पासून आहे. कपाटांच्या रांगांमधून मूल स्वतः पुस्तक निवडतं. आवडलं नाही तर बदलून आणतं. या निवडीची किंमत फार मोठी, कारण मोठ्यांनी हाती दिलेलं पुस्तक मुलाला पुष्कळदा अभ्यासच वाटतं. पण अडचण आहे ती नेण्याआणण्याची. सिडको किंवा सातपूरहून गावात यायचं, तेही आईबाबांची कामाची पाळी सांभाळून! दोन-तीन खेपा होतात, मग खंड पडतो.

दुसरी वाट पेटीची. पुस्तकं पेटीत भरून वाचकाच्या दारी न्यायची, ही कल्पना कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या 'ग्रंथ तुमच्या दारी' उपक्रमानं 2009 पासून नाशकातूनच रुजवली. वर्गातही तसंच करता येतं. पुस्तकं थोडी, पण रोज हाताशी. शेजारची मैत्रीण खुदकन हसली की "मला दे ना!" सुरू होतं. बाई रोज दहा मिनिटं मोठ्यानं वाचून दाखवत असतील, तर अडखळत वाचणारं मूलही गोष्टीत गुंततं. फक्त पेटीला कुलूप नको, आणि पान फाटलं म्हणून रागावणं तर मुळीच नको. फाटलेलं पान चिकटवता येतं.

माझा कौल आधी पेटीला. तिसरीपर्यंत पेटी पुरते. तीच पुस्तकं दोनदा वाचून झाली, की मुलाला वाचनालयात न्या.