अर्थिंग: नियमाप्रमाणे की वायरमनच्या सवयीप्रमाणे?

जुन्या घराची वायरिंग बदलायला काढली की अर्थिंगपाशी, म्हणजे उपकरणाच्या बॉडीत उतरलेला करंट जमिनीत सोडणाऱ्या जोडणीपाशी, गाडी अडते. एकीकडे आयएस ३०४३ हे भारतीय मानक (२०१८ मध्ये सुधारलेलं), दुसरीकडे वायरमनचं ‘आम्ही नेहमी असंच करतो’. आमच्या सोलापूरकडच्या घरात मी दोन्ही प्रकार वापरलेत, त्यामुळे घरापुरतं सांगू शकतो.

सवयीत सगळंच टाकाऊ नाही. मीठ-कोळसा भरून मध्ये अर्थिंगचा पाइप पुरलेला खड्डा मानकातही आहे. उन्हाळ्यात खड्ड्यात पाणी ओतायची रीत तर काळ्या मातीत सोडूच नये. वैशाखात जमिनीला भेगा पडतात, माती पाइपापासून सुटते आणि अर्थिंग नावापुरतं उरतं. फक्त मिठाने जीआय (जस्ताचा थर दिलेला लोखंडी) पाइप लवकर गंजतो, हे धरून चाला. खड्डा भिंतीपासून दीड मीटर लांब घ्यायला वायरमन कुरकुरतात, पण जागा असेल तर घ्याच. नळाच्या पाइपला अर्थिंग जोडायची पद्धत मात्र विसरा. आता पाइपच प्लॅस्टिकचे आहेत.

बल्ब लावून अर्थिंग तपासण्यावर माझा फारसा भरवसा नाही. फेज (करंट आणणारी वायर) आणि अर्थिंगमध्ये ६० वॅटचा बल्ब लावला तर पाव अँपिअरच्या आसपास करंट वाहतो. खड्ड्याचा रेझिस्टन्स ५० ओहम असला तरी बल्ब झकास पेटतो. पण उद्या गीझरच्या बॉडीत फेज उतरला, तर त्याच खड्ड्यातून ४-५ अँपिअरच जातील, १६ अँपिअरचा एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) पडणार नाही आणि बॉडीत करंट तसाच राहील. म्हणून खड्ड्याचा रेझिस्टन्स अर्थ टेस्टरने मोजून घ्या आणि जोडीला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट जमिनीकडे गळाला की पुरवठा तोडणारा स्विच) बसवा.

माझा निर्णय झाला तो या आरसीसीबीमुळेच. नवा बसवला आणि मिक्सर लावला की घरभर अंधार. वायरमनचा सल्ला होता, “काढून टाका, साहेब, हे उगाच त्रास देतंय.” स्वयंपाकघरातलं सॉकेट उघडलं, तेव्हा खरं कारण दिसलं: वरच्या मोठ्या, अर्थिंगच्या पिनला न्यूट्रलमधूनच (करंट परत नेणाऱ्या वायरमधून) बोटभर काळ्या वायरचा तुकडा मारलेला, आणि तिथेच खड्ड्याकडून आलेली हिरवी वायरही. मिक्सरचा थोडा करंट न्यूट्रलऐवजी जमिनीतून परतायचा. आरसीसीबी फेज-न्यूट्रलमधला हाच फरक पाहतो, म्हणजे तो बरोबरच पडत होता. असा तुकडा सॉकेटमध्ये असला, हिरवी वायर कुठे सुटलेली असली आणि मागे न्यूट्रल तुटला, तर फ्रिजच्या दारालाच शॉक बसू शकतो. हे कळल्यावर मला तडजोड करवेना.

भाड्याचं घर असेल, भिंती फोडता येत नसतील, तर सगळं एकदम जमणार नाही, हे मान्य. तरी गीझर, वॉशिंग मशीन आणि फ्रिजच्या पॉइंटला तेवढी हिरवी वायर खड्ड्यापर्यंत स्वतंत्र न्या, आणि ती फेजच्याच जाडीची घ्या. ‘अर्थिंगला एक एमएम चालतं’ हे ऐकू नका. घर तुमचं असेल आणि काम सुरूच असेल, तर माझं मत नियमाच्या बाजूने आहे. प्लास्टर होण्याआधी, मेन स्विच बंद करून प्रत्येक सॉकेट स्वतःसमोर उघडायला लावा आणि तसा तुकडा दिसला तर जागच्या जागी काढून घ्या.