प्लॅस्टिकचा बोनसेट, आठ महिन्यांनी: डोळ्याला पास, बोटाला एटीकेटी

सीनियरकडून खरी हाडं मिळाली नाहीत की फर्स्ट एमबीबीएस आणि फिजिओच्या मुलांना पीव्हीसीचा (प्लॅस्टिकचा) हाफ सेट, म्हणजे अर्ध्या सांगाड्याची सुटी हाडंच घ्यावी लागतात. 

आकाराबद्दल तक्रार नाही. क्लॅव्हिकलची (गळ्याखालच्या आडव्या हाडाची) साइड, म्हणजे ते डावं की उजवं, डोळे मिटूनही लागते: चपटं टोक खांद्याकडे, आतल्या दोन-तृतीयांश भागाचा फुगवटा पुढे, पन्हाळी खालच्या अंगाला.

गोची आहे ती पोताची. खऱ्या हाडावर सांध्याचा भाग गुळगुळीत लागतो आणि स्नायू चिकटतो तिथे खरखरीत. बोट फिरवलं की अर्धं उत्तर मिळतं. इथे फीमरचं (मांडीच्या हाडाचं) सांध्यात बसणारं डोकं काय आणि ग्रेटर ट्रोकँटर हा स्नायू चिकटणारा उंचवटा काय, दोन्ही साबणाच्या वडीसारखे. त्यात साच्याचे दोन अर्धे जुळतात तिथे केसाएवढी कड राहते. अल्ना (हाताचं करंगळीकडचं हाड) चाचपताना मुलं तीच कड इंटरऑसियस बॉर्डर, म्हणजे शेजारच्या हाडाकडची धार समजून धरतात आणि व्हायवात (तोंडी परीक्षेत) साइड उलटी सांगून मोकळी होतात. ४०० नंबरचा पॉलिश पेपर ओला करून फक्त जोडावर हलक्या हाताने फिरवा. मांडीच्या हाडामागच्या उभ्या खरखरीत रेघेच्या, म्हणजे लीनिया अ‍ॅस्पेराच्या जवळ जाऊ नका, नाहीतर तीही घासली जाईल.

न्यूट्रियंट फोरामेनला (हाडात रक्तवाहिनी शिरते त्या छिद्राला) तर सेट सरळ नापास. खऱ्या फीमरमध्ये टाचणी तिरकी वर, म्हणजे गुडघ्यापासून दूर जाते. ह्युमरसमध्ये (दंडाच्या हाडात) खाली, कोपराकडे. प्लॅस्टिकवर तिथे नुसता खळगा, टाचणी टेकते आणि थांबते. कवटीच्या तळाशी फोरामेन ओव्हॅल हे छिद्र आरपार आहे, पण त्याच्या मागे-बाहेर असलेलं फोरामेन स्पायनोसम हे छोटं छिद्र बुजलेलं. ते दीड मिमीच्या ड्रिलने मोकळं होतं.

मनगटाची आठ हाडं नायलॉनच्या दोऱ्यात ओवून येतात. दोरा पहिल्याच दिवशी कापा. हाडं कापडी पिशवीत टाकून न बघता एकेक ओळखायची. पिसिफॉर्म वाटाण्यासारखं, हॅमेटला आकडा, कॅपिटेट सगळ्यांत मोठं. ही तीन दोन दिवसांत येतात. अडतं ते ट्रायक्वेट्रल. त्याच्या तळहाताकडच्या अंगावर पिसिफॉर्मसाठी एकच लंबगोल फॅसेट (सांध्याचा सपाट भाग) असतो, तो अंगठ्याला लागेपर्यंत हाड फिरवत राहायचं. या सेटमध्ये फॅसेट पुसट आहे, त्यामुळे वेळ लागतो.

पोताची ही उणीव भरायला दुसरा हात स्वतःच्या अंगावर ठेवा. मनगटाशी रेडियसचा (अंगठ्याकडच्या हाडाचा) स्टायलॉइड, म्हणजे टोकाचा उंचवटा, अल्नाच्या स्टायलॉइडपेक्षा बोटांच्या दिशेने साधारण एक सेंमी पुढे लागतो. अंगठा ताणला की त्याच्या मुळाशी पडणाऱ्या खळग्यात स्कॅफॉइड हे मनगटाचं हाड. गळ्याच्या खाचेपासून सुमारे पाच सेंमी खाली स्टर्नल अँगल (छातीच्या मधल्या हाडावरचा आडवा उंचवटा), तिथे दुसरी फासळी. पुढची मोजणी तिथूनच.

जबड्याची स्प्रिंग तीन महिन्यांत सैल झाली. ओरिजिन (स्नायू सुरू होतो ती जागा) लाल आणि इन्सर्शन (तो संपतो ती जागा) निळं रंगवायचं तर रंगीत पेन्सिल वापरा. पर्मनंट मार्कर पीव्हीसीत मुरतो, आणि तो काढायला अ‍ॅसिटोन लावलं तर पृष्ठभाग चिकट होऊन उरलासुरला खरखरीतपणाही जातो.