मेकिन्योचे डाव घेतले, पैसे वसूल (जवळजवळ)

ब्राझीलचा बुद्धिबळपटू एन्रिके मेकिंग, म्हणजेच मेकिन्यो, याच्या डावांचा डिजिटल संग्रह महिनाभर खेळून पाहिला. तेराव्या वर्षी राष्ट्रीय विजेता झालेला हा पोरगा! मग 1973 ला पेट्रोपोलिसची इंटरझोनल (विश्वविजेतेपदाच्या वाटेवरची पात्रता स्पर्धा) जिंकली, 1976 ला मनिलाची. दोन्हींचे डाव यात आहेत, टिपाही मोजक्या आणि मुद्द्याच्या.

मी अडकलो ते 1977 च्या ल्युसर्नमधल्या सामन्यात. सोव्हिएत ग्रँडमास्टर पोलुगायेव्स्कीविरुद्ध बारा डाव, अकरा बरोबरीत, एकच हरला आणि विश्वविजेतेपदाची वाट तिथेच बंद. बरोबरीचे डाव कंटाळवाणे असतील म्हणून टाळणार होतो. रात्री दीड वाजेपर्यंत बसलो की हो!

त्यानंतरचा त्याचा आजार, स्नायू दुबळे करणारा मायस्थेनिया ग्रॅव्हिस, दोन ओळींत उरकलाय. 1979 ला रिओची इंटरझोनल अर्धवट सोडावी लागली, 1991 मध्ये तो परतला. अहो, खरी गोष्ट तर तीच ना?

तक्रार पटाची. काळ्या बाजूने बघायला पट फिरवला की डाव पहिल्या चालीवर जातो. पस्तिसाव्या चालीवर असताना असं झालं की डोकंच फिरतं. शेवटी लाकडी पट काढला आणि चाली हाताने मांडल्या. पाचपैकी साडेतीन.